याच जन्मातला धम्म

बुद्धांबद्दल आदर आहे, पण बुद्ध नेमके काय म्हणाले ते नीटसे ठाऊक नाही, असे सांगणारे मराठी वाचक पुष्कळ भेटतात. शाळेच्या पुस्तकात म्हातारा, आजारी, प्रेत आणि संन्यासी पाहून घर सोडणारा राजपुत्र त्यांनी वाचलेला असतो. अजिंठ्याच्या सहलीत पद्मपाणीचे चित्र डोळे भरून पाहिलेले असते. कोणी इगतपुरीला दहा दिवस मौन पाळून आलेले असते. एवढ्या ओळखीवर कुतूहल जागे होते आणि माणूस एखादा ग्रंथ उघडतो. पहिल्या काही पानांतच मागच्या जन्मांच्या कथा, स्वर्गातले देव, महापुरुषाची बत्तीस लक्षणे समोर येतात. देव न मानणारा आणि पुनर्जन्माविषयी साशंक असणारा वाचक तिथे अडखळतो. हे सगळे खरे मानल्याखेरीज पुढे जाता येणार नसेल तर आपला रस्ता वेगळा, असे म्हणून तो पुस्तक मिटतो.

हा लेख त्या वाचकासाठी आहे. परलोक, पुनर्जन्म, देव यांतले काहीही गृहीत न धरता बुद्धांच्या विचारात शिरता येते. ही सवलत आधुनिकांनी मागून घेतलेली नाही. ती खुद्द बुद्धांनी दिलेली आहे. मात्र ती घेणाऱ्याची जबाबदारी त्यामुळे वाढते. परलोक वजा केला की सगळा हिशेब याच जन्मात मांडावा लागतो, आणि तो आचरणाच्या नाण्यातच चुकवावा लागतो. इहवादी धम्म म्हणजे सोपा केलेला, सौम्य केलेला धम्म, असे भाविकांना वाटते आणि पुष्कळ बुद्धिवाद्यांनाही वाटते. दोघांचीही गफलत तिथेच होते.

कोसल देशात केसपुत्त नावाचे गाव होते. तिथे कालाम लोकांची वस्ती होती. अंगुत्तर निकायात त्यांची हकीकत येते. गावात येणारा प्रत्येक श्रमण-ब्राह्मण आपले मत तेवढे उजळून दाखवी आणि दुसऱ्याच्या मताच्या चिंधड्या उडवी. कालाम पार गोंधळून गेले होते. बुद्ध आले तेव्हा त्यांनी सरळ त्यांनाच विचारले, की यांतला खरे बोलणारा कोण आणि खोटे बोलणारा कोण, हे आम्ही ओळखायचे कसे? असा प्रश्न विचारला की बहुतेक गुरू आपली बाजू मांडायला बसतात. बुद्धांनी आधी कालामांना सांगितले, की तुमची शंका रास्त आहे. मग ज्यांच्या भरवशावर माणसे एखादी गोष्ट खरी मानतात, त्या आधारांची यादीच त्यांनी दिली. ऐकीव गोष्ट, चालत आलेली परंपरा, धर्मग्रंथाचा दाखला, बोलणाऱ्याची छाप, हा आमचा गुरू आहे ही भावना, यांतले काहीही पुरेसे नाही. एवढ्यावरही ते थांबले नाहीत. नुसता तर्क, नुसते अनुमान, आपल्या मताशी जुळते म्हणून पटणे, हेही पुरेसे नाही असे त्यांनी बजावले.

यादीतला हा भाग उद्धृत करणारे सहसा गाळतात. कालामांना दिलेला हा उपदेश आज स्वतंत्र विचाराची सनद म्हणून मिरवला जातो आणि त्याचा अर्थ ‘मला पटेल ते खरे’ असा लावला जातो. पण माणसाचे ‘पटणे’ किती कच्चे असते हे बुद्धांना पुरते माहीत होते. म्हणून त्यांनी कसोटी मताबाहेर, जगण्यात नेली. लोभ मनात उठला की माणसाचे भले होते की नुकसान, असे त्यांनी कालामांनाच विचारले. नुकसान, असे ते म्हणाले. द्वेषाचे काय, मोहाचे काय, हेही विचारले. यांच्या आहारी गेलेला माणूस जीव घेतो, चोरी करतो, खोटे बोलतो आणि दुसऱ्यालाही तेच करायला लावतो, हे कालामांनी स्वतःच्या अनुभवावरून मान्य केले. जे केल्याने स्वतःचे आणि दुसऱ्याचे अहित होते, ज्याला जाणती माणसे नावे ठेवतात, ते सोडायचे. ज्याने हित होते ते धरायचे. प्रयोग करणाराही आपणच आणि प्रयोगाची वस्तूही आपणच.

या संवादाचा शेवट तर इहवादी वाचकाने पाठच करावा असा आहे. वैर नसलेल्या, निर्मळ मनाच्या माणसाला चार दिलासे मिळतात, असे बुद्ध सांगतात. परलोक असेल आणि कर्माचे फळ मिळत असेल, तर त्याचे पुढे भलेच होईल. परलोक नसेल आणि कर्माला फळही नसेल, तरी याच जन्मात तो वैरावाचून सुखाने जगतो. वाईट करणाऱ्याचे वाईट होत असेल, तर याने कुणाचे वाईट केलेलेच नाही. आणि होत नसेल, तर दोन्ही बाजूंनी तो निर्मळच राहतो. स्वतः बुद्ध परलोक मानत होते असेच ग्रंथांतून दिसते. तरीही आपल्या शिकवणीचा पाया त्यांनी त्या मान्यतेवर उभा केला नाही. ती खोटी ठरली तरी बांधकाम ढासळू नये, अशी सोय त्यांनी करून ठेवली. धर्मसंस्थापकाने असे करणे ही मानवी इतिहासातली मोठी गोष्ट आहे.

हाच धागा मालुंक्यपुत्ताच्या कथेत सापडतो. जग शाश्वत की अशाश्वत, अंत असलेले की अनंत, जीव आणि शरीर एक की वेगळे, तथागत मरणानंतर असतो की नसतो, या प्रश्नांची उत्तरे मिळाल्याशिवाय मी तुमच्याजवळ राहणार नाही, असे हा भिक्षू बुद्धांना सांगून बसला. बुद्धांनी त्याला विषारी बाण लागलेल्या माणसाचा दाखला दिला. बाण मारणारा कोणत्या जातीचा, उंच की बुटका, धनुष्याची दोरी कशाची, हे कळेपर्यंत बाण काढू देणार नाही असा हट्ट धरणारा माणूस उत्तरे मिळण्याआधीच मरून जाईल. हे प्रश्न त्यांनी अनुत्तरित ठेवले, कारण उत्तर काहीही आले तरी जन्म, जरा, मरण आणि शोक आहेतच आणि त्यांच्यावरचा उपाय आजच करायला हवा. देव आहे की नाही या वादात वर्षे घालवणाऱ्या आस्तिकाला आणि नास्तिकाला, दोघांनाही हे लागू पडते.

मग उपाय कोणता? सारनाथला पाच जुन्या साथीदारांसमोर दिलेल्या पहिल्या प्रवचनात चार आर्यसत्ये येतात. बुद्धांचा धर्म रडका आहे, जगाकडे काळ्या चष्म्यातून पाहणारा आहे, असा ग्रह त्यातल्या पहिल्याच सत्यावरून होतो. पण प्रवचनाची घडण पाहिली की हा ग्रह टिकत नाही. प्रत्येक सत्याला तिथे एकेक काम जोडलेले आहे. दुःख नीट जाणून घ्यायचे आहे, त्याचे कारण असलेली तृष्णा सोडायची आहे, तिचा निरोध स्वतः अनुभवायचा आहे आणि मार्ग अंगी बाणवायचा आहे. स्टीफन बॅचलर यांच्यासारखे आजचे इहवादी बौद्ध लेखक याच गोष्टीवर भर देतात, की ही सत्ये मान्य करण्यापेक्षा पार पाडण्यासाठी आहेत. नवशिक्याने सुरुवात इथून करावी, कारण इथे त्याला कोणाच्याही शब्दावर विश्वास ठेवावा लागत नाही.

रोजच्या जगण्यात हे कसे दिसते? सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणीतरी आपल्याला उद्देशून दोन खोचक ओळी टाकतो. वाचताक्षणी छातीत काहीतरी लागते, कान तापतात. पुढच्या अर्ध्या मिनिटात मन कामाला लागते. हा नेहमीचाच असा. याला एकदा धडा शिकवलाच पाहिजे. बाकीचे गप्प का? म्हणजे तेही त्याच्याच बाजूचे. अंगठा उत्तर लिहू लागतो. रात्री अंथरुणावर तेच, सकाळी दात घासताना तेच. ओळी टाकणारा एव्हाना विसरूनही गेलेला असतो.

बुद्धांनी यालाच दोन बाणांचा मारा म्हटले आहे. पहिला बाण लागतो तो वेदनेचा. तो शहाण्यालाही लागतो आणि अडाण्यालाही. दुसरा बाण आपण स्वतःच स्वतःला मारून घेतो. प्रतीत्यसमुत्पादाची साखळी हेच सांगते, की स्पर्शातून वेदना, वेदनेतून तृष्णा, तृष्णेतून घट्ट धरून बसणे. परंपरेने या साखळीच्या बारा कड्या तीन जन्मांवर पसरून समजावल्या. त्या तशा मानायच्या की नाही हे ज्याचे त्याने ठरवावे, पण मधल्या या तीन-चार कड्या पाहायला तीन जन्म लागत नाहीत. एक मोबाईल पुरतो. वेदना आणि तृष्णा यांच्यामध्ये एक फट असते. श्वासाकडे, शरीराकडे, उठणाऱ्या संवेदनेकडे पाहण्याचा सराव म्हणजे ती फट दिसू लागण्याचा सराव. अन्याय मुकाट्याने गिळायला हा सराव शिकवत नाही. उत्तर द्यायचे असेल तर अवश्य द्यावे, पण ते आपण द्यावे, आपल्या रागाने देऊ नये.

यापुढची पायरी अवघड आहे, आणि नवख्या माणसापासून ती लपवण्यात अर्थ नाही. हे सगळे ज्याच्यावर गुदरते तो ‘मी’ कोण? बुद्धांचे उत्तर असे, की शोधून पाहा. शरीर आहे, सुखदुःखाच्या संवेदना आहेत, ओळखणे आहे, मनाचे संस्कार आहेत, जाणीव आहे. या पाच स्कंधांपलीकडे, त्यांचा मालक म्हणून बसलेला न बदलणारा कोणी सापडत नाही. मिलिंदप्रश्नात नागसेन भिक्षू ग्रीक राजा मिलिंदाला हीच गोष्ट त्याच्याच रथावरून पटवतो. चाक म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ का? जू म्हणजे रथ का? यांच्यावेगळा रथ कुठे आहे का? राजाला प्रत्येक वेळी नाही म्हणावे लागते. तरी तो रथातूनच आलेला असतो. रथ आहे, पण जोडणीने आहे. माणूसही तसाच.

यावर रास्त आक्षेप येतो, की आत्माच नसेल तर केल्या कृत्याची जबाबदारी कोणाची? रात्रभर जळणाऱ्या दिव्याचा दाखला नागसेनाने याच संदर्भात दिला आहे. पहिल्या प्रहरातली ज्योत आणि शेवटच्या प्रहरातली ज्योत तीच नसते आणि वेगळीही नसते. सातत्य आहे, म्हणून जबाबदारी आहे. उलट न बदलणारा आत्मा मानला तरच सुधारणा अशक्य होते. चोर बदलू शकतो, व्यसनी बदलू शकतो, अंगुलिमालासारखा दरोडेखोर भिक्षू होऊ शकतो, कारण त्याच्या गाभ्यात चोरपण किंवा दरोडेखोरी कायमची कोरलेली नसते.

ज्या समाजात माणसाची किंमत जन्माने ठरत आली, तिथे या विचाराचे टोक कुठे लागते हे सांगायला नको. वासेट्ठ सुत्तात दोन ब्राह्मण तरुण ब्राह्मणत्व जन्माने की आचरणाने, असा वाद घेऊन बुद्धांकडे येतात. गवतात, किड्यांत, पशुपक्ष्यांत जातीजातींची वेगळी शारीरिक चिन्हे दिसतात, माणसामाणसांत तशी दिसत नाहीत, असे बुद्ध दाखवून देतात. शेती करतो तो शेतकरी, व्यापार करतो तो व्यापारी. कर्मावरून नाव पडते, जन्मावरून नाही. हा युक्तिवाद डोळ्यांनी पाहण्याचा आहे, श्रद्धेचा नाही.

आता अडचणीच्या प्रश्नाकडे येऊ. ग्रंथांत देव आहेत, चमत्कार आहेत, मागचे-पुढचे जन्म आहेत. त्यांचे काय करायचे? इथे दोन खोट्या वाटा मोहात पाडतात. एक म्हणजे बुद्ध आजच्या विज्ञानाच्या आधीच सगळे सांगून गेले, असे म्हणत अणूपासून मेंदूपर्यंत सगळे सुत्तांत शोधणे. दुसरी म्हणजे जे पटत नाही ते सगळे मागाहून घुसडलेले, असे पुराव्याशिवाय ठरवून टाकणे. दोन्हींत बुद्धांना आपल्या मापाचे कपडे चढवले जातात. बुद्ध इसवी सनापूर्वीच्या गंगेच्या खोऱ्यातले होते आणि त्या काळाच्या हवेत त्यांनी श्वास घेतला होता, हे मान्य केल्याने त्यांचे मोठेपण तिळमात्र कमी होत नाही.

प्रामाणिक वाचन कसे करावे याचे दोन उत्तम आदर्श आपल्याच घरचे आहेत. गोव्यात साखवाळला १८७६ साली जन्मलेल्या धर्मानंद कोसंबींनी ‘बालबोधमेवा’ या मासिकात बुद्धांविषयी वाचले, आणि त्या ओढीने १८९९ मध्ये घर सोडून ते पुणे, काशी, नेपाळ करत श्रीलंकेपर्यंत गेले. तिथे पाली शिकून मूळ सुत्ते त्यांनी स्वतः वाचली. पुढे ‘भगवान बुद्ध’ लिहिताना चार दृश्यांची ती लाडकी कथाही त्यांनी तपासून घेतली. महापदान सुत्तात ही कथा गौतमाची म्हणून येत नाही, विपस्सी या पूर्वीच्या बुद्धाची म्हणून येते. अरियपरियेसन सुत्तात गौतम मध्यरात्री गुपचूप निघत नाही. आईवडील रडत असताना, त्यांच्यादेखत केस उतरवून निघतो. कोसंबींच्या मनात बुद्धांविषयी अपार भक्ती होती आणि म्हणूनच त्यांनी त्यांच्याविषयी काहीही खपवून घेतले नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी याहून पुढचे पाऊल टाकले. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा त्यांचा ग्रंथ १९५७ मध्ये, त्यांच्या निधनानंतर प्रसिद्ध झाला. त्याच्या प्रास्ताविकातच ते अडचणी उघडपणे मांडतात. चार दृश्यांची कथा बुद्धीला पटते का? आत्मा नाही आणि पुनर्जन्म आहे, हे कसे जुळवायचे? भिक्षू केवळ स्वतःची पूर्णता साधण्यासाठी आहे की समाजाच्या सेवेसाठी? त्यांच्या मांडणीत सिद्धार्थ घर सोडतो तो रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलिय यांच्यात पेटू पाहणाऱ्या युद्धाला विरोध केला म्हणून. कोसंबी आणि आंबेडकर यांची उत्तरे सारखी नाहीत. पण श्रद्धा आणि चिकित्सा एकत्र नांदू शकतात, हे दोघांनीही कृतीने दाखवले.

चिकित्सेचा मुद्दा इथे संपतो आणि माझ्या मते त्याहून मोठा धोका सुरू होतो. परलोक बाजूला ठेवला की पुष्कळांच्या हाती उरते ती फक्त मनःशांती. १९७९ साली मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात जॉन कबाट-झिन यांनी ध्यानाचा उपयोग वेदना आणि ताण यांनी गांजलेल्या रुग्णांसाठी सुरू केला. त्याचा अनेकांना लाभ झाला आणि त्याचे स्वागतच केले पाहिजे. पुढे मात्र ध्यान ही बाजारात विकायची वस्तू झाली. कर्मचाऱ्याला बारा तास राबवायचे आणि ताण आला की श्वासाकडे पाहायला सांगायचे, हा उद्योग बुद्धांच्या नावावर खपवता येणार नाही. अष्टांगिक मार्गात सम्यक स्मृती आहे, तशी सम्यक आजीविकाही आहे. शस्त्रे, माणसे, मांस, मादक पदार्थ आणि विष यांचा व्यापार उपासकाने करू नये, असे बुद्धांनी नावे घेऊन सांगितले आहे. शील, समाधी आणि प्रज्ञा या तिवईचा एक पाय काढून घेतला तर उरलेल्या दोन पायांवर ती उभी राहत नाही.

विनयपिटकातला एक प्रसंग मला या बाबतीत फार मोलाचा वाटतो. बुद्ध आपला शिष्य आनंद याला बरोबर घेऊन भिक्षूंच्या निवासांतून फिरत असताना पोटाच्या विकाराने आजारी असलेला एक भिक्षू स्वतःच्याच मलमूत्रात पडलेला दिसला. तुझी देखभाल करणारे कोणी नाही का, असे त्यांनी विचारले. नाही, भिक्षू म्हणाला. का नाही? माझा इतर भिक्षूंना काही उपयोग नाही, म्हणून. बुद्धांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले. बुद्धांनी पाणी ओतले, आनंदाने त्याला धुतले. मग एकाने डोक्याकडून आणि दुसऱ्याने पायांकडून उचलून त्याला खाटेवर ठेवले. नंतर बाकीच्या भिक्षूंना बोलावून बुद्धांनी समज दिली, की तुमची काळजी घ्यायला इथे आईवडील नाहीत, तुम्हीच एकमेकांची घेतली पाहिजे, आणि ज्याला माझी सेवा करावीशी वाटते त्याने आजाऱ्याची करावी. त्या निवासात ध्यान करणारे पुष्कळ होते. शेजारचा माणूस घाणीत पडलेला कोणाला दिसला नव्हता, किंवा दिसूनही तो निरुपयोगी वाटला होता. ध्यान असूनही करुणा नसू शकते, हे बुद्धांनी तेव्हाच ओळखले होते.

करुणेची ही दृष्टी खाटेपुरती मर्यादित नव्हती. कूटदंत सुत्तात शेकडो पशू बळी देण्याची तयारी करून बसलेल्या ब्राह्मणाला बुद्ध एका राजाची गोष्ट सांगतात. त्या राजाच्या राज्यात चोऱ्यामाऱ्या माजल्या होत्या. पुरोहिताने सल्ला दिला, की नुसत्या शिक्षा करून चोर संपणार नाहीत. शेती करणाऱ्याला बी-बियाणे द्या, व्यापाऱ्याला भांडवल द्या, नोकराला पुरेसे वेतन द्या. गुन्ह्याचे मूळ दारिद्र्यात शोधणारा हा विचार आणि मनातल्या तृष्णेचा विचार एकाच डोक्यातून आला आहे. त्यांना वेगळे काढणे म्हणजे बुद्धांना अर्धे करणे होय.

म्हणून महाराष्ट्रात बुद्धांची इहवादी ओळख करून घेताना दीक्षाभूमीला वळसा घालून जाता येत नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी आणि त्यांच्या लाखो अनुयायांनी जे केले, ते मोक्षासाठी नव्हते; माणूस म्हणून ताठ उभे राहण्यासाठी होते. २०११च्या जनगणनेनुसार भारतात सुमारे ८४ लाख बौद्ध होते आणि त्यांतले सुमारे ६५ लाख महाराष्ट्रात होते. बुद्ध या मातीत पुन्हा रुजवले ते त्यांनी. तरीही पांढरपेशा मराठी घरांत बुद्धांची मूर्ती दिवाणखान्यात येते, विपश्यनेची चर्चा होते, आणि त्याच शहरातल्या विहाराची पायरी मात्र कधी चढली जात नाही. हे मला अतिशय लाजिरवाणे वाटते. तिथे पंचशील घेणारा माणूस आज्ञा पाळण्याचे वचन कोणा देवाला देत नसतो. हिंसा, चोरी, व्यभिचार, असत्य आणि नशा यांपासून दूर राहण्याचे शिक्षण मी स्वतः घेतो, असे तो म्हणत असतो. याहून इहवादी संकल्प कोणता असणार?

नवशिक्याने काय करावे, याचे उत्तर आता फार लांब नाही. कोसंबींचा ‘भगवान बुद्ध’ आणि बाबासाहेबांचा ग्रंथ शेजारी ठेवून वाचावेत आणि त्यांच्यातले मतभेद पेन्सिलीने टिपत जावे. रोज थोडा वेळ शांत बसून वेदना आणि प्रतिक्रिया यांच्यातली फट पाहावी. पाच शीलांतले जे सर्वांत जड जाते, ते आधी हाती घ्यावे. पुनर्जन्माचा प्रश्न खुशाल उघडा ठेवावा. बुद्धांनीही कालामांपुढे तो उघडाच ठेवला होता.

आणि आपण पुढे सरकतो आहोत की नाही, हे ध्यानात किती वेळ बसलो यावरून मोजू नये. घरकामाला येणाऱ्या बाईंसाठी वेगळा ठेवलेला कप फडताळातून गेला का, मुलाच्या लग्नाची गोष्ट निघाल्यावर तोंडून पहिल्यांदा जातीचे नाव निघणे थांबले का, हाताखालच्या माणसाचा पगार वेळेवर आणि पुरेसा दिला जातो का, यावरून मोजावे. या प्रश्नांना परलोकाची साक्ष लागत नाही आणि उत्तर पुढच्या जन्मावर ढकलताही येत नाही. परलोक न मानणाऱ्याला तर तशी मुभा मुळीच नाही, कारण त्याच्या हिशेबात दुसरा जन्म नाही.